फेरीच्या आधी पाय बघून घ्या : टाच, घोटा आणि तळव्याच्या तक्रारी

पाऊलवाट :

श्रावण जवळ आला की नाशकात फेरीची बोलणी सुरू होतात. तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा म्हणजे रविवारी रात्रीच त्र्यंबकला पोहोचायचं, कुशावर्तात स्नान करायचं आणि शंभूच्या गजरात निघायचं. छोटी फेरी धरली तरी सुमारे २० किलोमीटर. पाऊस, चिखल, दगडगोटे, बरीचशी वाट अंधारात, आणि कित्येक जण अनवाणी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. फेरीनंतरच्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारी दर वर्षी त्याच असतात. मुरगळलेला घोटा, टेकवता न येणारी टाच, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या तळव्याची जखम, जी घरी आल्यावर दुसऱ्याच कुणाच्या नजरेला पडलेली असते.

मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की पाय सवयीने तयार होतात. महिनाभर रोज थोडं थोडं चालणं वाढवलं, पोटऱ्या ताणल्या, एका पायावर उभं राहायचा सराव केला, तर तेच पाय फेरी निभावतात. वर्षभर गाडीवर आणि खुर्चीत गेलं असेल आणि एका रात्रीत २० किलोमीटर मागितले, तर दुखणं येणारच. दुखणं आल्यावरही मार्ग फारसा बदलत नाही. पूर्ण झोपूनही राहायचं नाही आणि तसंच रेटायचंही नाही. झेपेल तेवढं काम पायाला द्यायचं आणि ते वाढवत न्यायचं. गोळी, मलम, पट्टा या गोष्टी त्याच्या जोडीला.

फेरीला अजून अवकाश आहे, म्हणून आत्ताच धागा काढला. ज्याला जे विचारायचं ते विचारा.

गोदाकाठची :

बरं झालं धागा काढलात ताई. मी शाळेत शिकवते, तास उभ्यानेच घ्यावे लागतात. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. थोडं चाललं की कमी होतं आणि शाळेतून आल्यावर पुन्हा सुरू. एक्स-रे काढला तर टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. ते काढावं लागतं का? इंजेक्शन घ्या असंही सुचवलंय. फेरीला जायची फार इच्छा आहे.

पाऊलवाट :

तुमचं वर्णन प्लांटर फॅशिआयटिसशी जुळतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो, पावलाची कमान तो धरून ठेवतो. टाचेला जिथे तो जोडलेला असतो तिथे रोजच्या ताणाने तो दुखावतो. रात्रभर पाऊल सैल असतं आणि सकाळी पहिल्याच पावलाला पट्टा एकदम ताणला जातो. पहिली पावलं सगळ्यात वाईट जातात ती यामुळे.

वाढलेल्या हाडाची काळजी सोडा. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते टोक दिसतं. टाच बरी झाल्यावरही ते तिथेच असतं. ते काढायचा प्रश्न सहसा येत नाही.

आता करायचं काय. सकाळी पाय खाली ठेवायच्या आधी, पलंगावरच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पाचही बोटं हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढा. तळव्यात पट्टा ताठ झालेला दुसऱ्या हाताला जाणवला पाहिजे. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसात आणखी दोनदा तेच. मग पोटरीचा ताण: भिंतीला हात टेकवून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट गुडघा सरळ ठेवून आणि अर्धा मिनिट गुडघा किंचित वाकवून. पोटरीत दोन स्नायू आहेत, खालचा गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. बहुतेक जण हा दुसरा भाग सोडून देतात.

आठवडाभराने ताकदीचा व्यायाम सुरू करा. पायरीच्या कडेवर टॉवेलची गुंडाळी ठेवून बोटं त्यावर वर उचललेली राहतील असं उभं राहायचं. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. कठड्याला हात धरा. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमलं की एका पायावर, आणि हे एक दिवसाआड. नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा हे करणाऱ्यांना काही महिन्यांत जास्त बरं वाटतं असा अभ्यास झालेला आहे, आणि मी रोज पाहते तेही तसंच आहे.

टाचेत देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पुढे तो फरक राहत नाही. पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो. त्यामुळे ते पहिलं पाऊल नको.

आणि घरातली फरशी. शहाबादी असो की ग्रॅनाइट, तिच्यावर दिवसभर अनवाणी वावरून टाच बरी होत नाही. आपल्याकडे स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, देवापुढे तर नाहीच. मग घरात वापरायची वेगळी, कधीच बाहेर न गेलेली जोडी ठेवा. ओट्यापाशी जाड पायपुसणं टाका. पातळ सपाट स्लिपर मात्र घरातही नको, टाचेशी थोडी उंची आणि मऊपणा हवा.

बहुतेकांची टाच ऑपरेशनशिवाय बरी होते, पण वेळ घेते. काही महिने धरूनच चाला, कधी वर्षही लागतं. रात्री झोपेतही ठणकत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबली तर कळ येत असेल, मुंग्या येत असतील, किंवा तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना दाखवाच.

अंबड_शिफ्ट :

ताई, आमच्याकडे अंबडला शॉपफ्लोअरवर अख्खी शिफ्ट सेफ्टी शूजमध्ये काँक्रीटवर उभं राहायचं असतं. बूट कंपनीच देते, बदलता येत नाही. टाच आणि चवड्याखाली घट्टे पडलेत. करंगळीवर कुरूप आहे, ते मेडिकलमधून पट्टी आणून काढू का?

पाऊलवाट :

बूट बदलता येत नसेल तर मापाचा आग्रह धरा. पाऊल दिवसभरात थोडं सुजतं, म्हणून माप संध्याकाळी द्या, मोजे घालून द्या, आणि दोन पायांत जो मोठा असेल त्याचं द्या. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. कुरूप बहुतेक वेळा अरुंद बुटाने होतं. बूट तोच राहिला तर काढलेलं कुरूप परत येतं. आत जाड इनसोल घाला, पण त्याने बूट घट्ट होणार नाही हे पाहा. लेस वरपर्यंत बांधा, ढिल्या बुटात पाऊल पुढे सरकतं. सुपरवायझरला सांगून उभ्या जागी रबरी मॅट मिळते का बघा. तासा-दोन तासांनी पंचवीसेक टाचा वर-खाली करा, मशीनपाशी उभ्या उभ्या होतं ते.

कुरुपाच्या पट्टीत कातडी विरघळवणारं सॅलिसिलिक ॲसिड असतं. मधुमेह नसेल, पायाचा रक्तपुरवठा चांगला असेल, तर जपून वापरता येते, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला लागू न देता. मधुमेह असेल तर पट्टीही नको आणि घरी ब्लेडही नको.

टेकडीवरचा :

आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. पांडवलेणी, चामरलेणी नेहमीची, पावसाळ्यात अंजनेरी, हरिहर. उतरताना घोटा मुरगळण्याचे प्रकार सारखे होतात आणि एकदा मुरगळलेला माणूस पुन्हा पुन्हा मुरगळतो. काल एकाला लगेच चोळायला सुरुवात केली, मी थांबवलं. बरोबर केलं का?

जुनं_नाशिक :

चोळण्यात काय वाईट? आमच्या घरी तीन पिढ्या हाडवैद्याकडे जातात. तो तेल लावून पाय ओढतो, कट्ट आवाज येतो, सूज उतरते. डॉक्टरकडे गेलं की आधी एक्स-रे, मग प्लॅस्टर, मग महिनाभर घरी. ज्याचं हातावर पोट आहे त्याने काय करायचं?

पाऊलवाट :

काका, हातावर पोट असणाऱ्याचा मुद्दा अगदी खरा आहे, म्हणून नीट सांगते. साध्या मुरगळण्याला प्लॅस्टर लागतच नाही, आणि प्रत्येकाला एक्स-रेही लागत नाही. कुणाला लागतो हे ठरवायचे नियम १९९२ साली कॅनडात ऑटावाच्या डॉक्टरांनी बसवले, जगभर वापरले जातात. घोट्याची आतली आणि बाहेरची, अशी दोन्ही हाडं बघा. त्यांच्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, मागच्या कडेला बोटाने दाबा. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टोक लागतं ते दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही. यांपैकी कुठेही हाडावरच कळ आली, किंवा माणसाला लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. सिव्हिलमध्येही होतो. हे काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. लहान मुलं, गुंगीत किंवा दारूच्या अमलाखाली असलेला माणूस आणि संवेदना गेलेला पाय यांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर विसंबू नका.

ओढण्याला माझा विरोध आहे तो यासाठीच. पाऊल आत वळतं तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं जोडणारे पट्टे, ताणले जातात, काही तंतू तुटतात. तिथे जागेवरून सरकलेलं असं काही नसतं जे बसवायचं. सूज तशीही दोन-तीन दिवसांनी उतरू लागते. आणि हाडाला तडा असेल तर ओढल्याने तो सरकतो, मग खरोखरच प्लॅस्टर किंवा ऑपरेशन लागतं आणि रोजगार कितीतरी जास्त बुडतो.

टेकडीवरच्या दादांनी थांबवलं ते योग्यच केलं. पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं, गरम लेप नको. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून काही वेळा. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळायचं, बोटं निळी किंवा बधिर पडली तर लगेच सैल करायचं. झोपताना पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. दुखणं झेपेल तसं पाऊल टेकवायला सुरुवात करायची, गरज पडली तर काठी घेऊन. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची, घोटा सगळ्या दिशांना हलतो.

पुन्हा पुन्हा मुरगळणं मात्र वेगळ्या कारणाने होतं. अस्थिबंधात नुसती ताकद नसते, पाऊल कुठे आणि कसं पडलंय याची जाणीवही असते. दुखापतीनंतर ती मंद होते. वेदना गेली म्हणजे पाय बरा झाला असं समजून लोक पुढच्याच रविवारी हरिहर चढतात. दात घासताना एका पायावर उभे राहा, तीस सेकंद. जमलं की डोळे मिटून, भिंतीपाशी. मग उशीवर. मग एका पायावर उभं राहून चेंडू भिंतीवर टाकायचा आणि झेलायचा. दोन-तीन महिने हे केलं तर पुन्हा मुरगळणं बरंच कमी होतं. उतरताना पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, हातात काठी.

एक गोष्ट विसरू नका. चढताना किंवा पळताना टाचेच्या मागे कुणी लाथ मारल्यासारखा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर ते मुरगळणं नाही. पोटरीची मोठी शीर, अकिलिस टेंडन, तुटलेली असू शकते. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ही शीर कमकुवत होऊ शकते, त्यामुळे असा कोर्स चालू असताना तिथे दुखू लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवा आणि धावणं थांबवा.

निफाडकर :

आमच्याकडे दोन ऋतूंचे दोन त्रास. पावसाळ्यात चिखल्या, आणि थंडीत द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायांच्या टाचांना अशा भेगा की रक्त येतं. निफाडची थंडी सगळ्यांना माहीतच आहे. माझी आई वज्रीने घासते आणि कोकमतेल भरते. चालतं का?

पाऊलवाट :

आईंचं बरोबर आहे. कोकमतेल भेगेत पाणी धरून ठेवतं. फक्त वज्री हलक्या हाताने, पाय पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून मग, आणि रक्त येणारी भेग घासायची नाही. टाचेची कातडी फार जाड असेल तर युरिया असलेलं क्रीम आणा, रात्री लावून वर सुती मोजे. भेगेभोवती लाली, पू किंवा ऊब असेल तर डॉक्टर.

चिखल्या ही बहुतेक वेळा बुरशी असते. इगतपुरी-त्र्यंबककडे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत घरटी कुणाला तरी असतात. पाय धुतले की बेचका न बेचका कोरडा पुसायचा, क्लोट्रिमॅझोलसारखं मलम लावायचं आणि बरं दिसल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायचं. दुकानदार स्टेरॉइड मिसळलेलं मलम देतो, त्याने खाज दोन दिवसांत जाते आणि बुरशी आत वाढत राहते. नळीवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का ते वाचा, लिहिलं असेल तर परत करा.

पंचवटीची_लेक :

ताई, माझा प्रश्न जरा अवघड आहे. बाबांची साठी उलटली, मधुमेह बरीच वर्षं आहे. तळव्यांना मुंग्या येतात, कधी कधी चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. त्यांनी आईच्या आजारपणात अनवाणी फेरीचा नवस बोलला होता. आई बरी झाली. आता ते कुणाचं ऐकत नाहीत.

पाऊलवाट :

चप्पल निसटल्याचं कळत नाही हे वाचून काळजी वाटली, म्हणून स्पष्ट लिहिते. त्यांच्या तळव्याची संवेदना गेली आहे. काटा, काच, खडा रुतला तरी त्यांना कळणार नाही आणि ते त्याच जखमेवर उरलेली वाट चालतील. चिखलात ती जखम चिघळते, आणि साखर वाढलेली असेल तर भरत नाही. बोट किंवा पाऊल कापायची वेळ बहुतेकदा अशाच लहान, न दुखणाऱ्या जखमेपासून येते. अनवाणी फेरी त्यांच्यासाठी नाही. चैत्रात वणीच्या गडाला तापलेल्या डांबरावरून अनवाणी जाणाऱ्या मधुमेही भाविकांनाही मी हेच सांगते, तळवा भाजलेला त्यांना कळत नाही.

आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या मोनोफिलामेंटने, म्हणजे एका बारीक नायलॉनच्या तंतूने, तळव्याची जाणीव तपासतात. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. पायाची नाडीही बघतात. मग एमसीआर, म्हणजे मऊ रबरी तळाची चप्पल घ्या, मागे पट्टा असलेली, म्हणजे निसटणार नाही.

रोज रात्री तुम्ही त्यांचे तळवे बघा, किंवा त्यांना जमिनीवर आरसा ठेवून बघू द्या. बेचके, टाच, अंगठ्याखालचा भाग. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने बघायचं. तेल किंवा क्रीम तळव्याला चालेल, बोटांच्या मध्ये नको. नखं सरळ कापायची, कोपरे खोल नाहीत. आणि कधी एक पाऊल गरम, लाल, सुजलेलं दिसलं आणि तरी फारसं दुखत नसेल, तर त्यावर चालू देऊ नका, त्याच दिवशी दाखवा. आतली हाडं ढासळत असू शकतात.

टाळकरी :

लेकी, मी एक बोलू का? ज्येष्ठात निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला चालत जाणाऱ्यांपैकी मी एक. दिंडीत चप्पल-बूट घालणारे भरपूर असतात, त्यांची वारी कमी धरत नाहीत. बाबांना म्हणावं, नवस आईसाठी बोलला होता, आणि आईला तुमचे पाय धड हवे आहेत. आमच्या ओळखीतल्या एकांनी चपलेतच फेरी केली आणि अनवाणी चालण्याऐवजी वर्षभर दर सोमवारी उपास धरला. गुरुजींना विचारलं तर तेही पर्याय सांगतात.

वारीतलं एक सांगतो. फोड आला तर वरची कातडी सोलू नका. फार ताणला असेल तर उकळलेल्या सुईने कडेला बारीक भोक, पाणी दाबून काढायचं, कातडी तशीच ठेवून कोरडी पट्टी. मधुमेहवाल्याने हेही स्वतः करू नये. मोज्यांची जास्तीची जोडी पिशवीत हवीच, ओल्या मोज्याने फोड येतात.

पंचवटीची_लेक :

टाळकरी काका, तुमचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, गुरुजींना विचारू. ताई, मंदिरात चप्पल चालणार नाही, तिथे काय करायचं?

पाऊलवाट :

फार बरं वाटलं वाचून. मंदिराच्या आवारात जाड सुती मोजे घालू द्या, पांढरे, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसेल. बाहेर आल्यावर मोजे काढून दोन्ही तळवे बघा, बेचके पुसा, कोरडे मोजे घाला. डॉक्टरांनी पाय तपासून होकार दिला तरच फेरी, आणि तीही सगळी नको, झेपेल तेवढी. सोबत एक जण, टॉर्च, साखर कमी झाली तर तोंडात टाकायला ग्लुकोज किंवा गूळ.

गोदाकाठची :

ताई, ताण सुरू केले, सकाळचं पहिलं पाऊल जरा सुसह्य झालंय. मी तयार आहे की नाही हे कसं ओळखू?

पाऊलवाट :

कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर फेरीच्या आधीच्या आठवड्यांत अंतर वाढवत न्या, पण एका आठवड्यात फार मोठी उडी नको. फेरीत घालणार तेच बूट घालून चाला, नवे बूट त्या रात्री पहिल्यांदा घालू नका. चालताना थोडं दुखलं तर चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी टाच आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर अंतर कमी करा. फेरीच्या आठवडाभर आधीच्या रविवारी दहा-बारा किलोमीटर न लंगडता झाले आणि एका पायावर वीस वेळा टाच उचलता आली, तर निघा. नाही जमलं तर तिसरा सोमवार सोडा. गर्दी नसलेल्या पुढच्या एखाद्या सोमवारीही ब्रह्मगिरीला फेरी घालता येते, तोवर व्यायाम चालू ठेवा.